राखलेलं ऊन

अंगण आता फार मोठं झालंय.

गोठ्याच्या उत्तरेला, बाभळीच्या अलीकडं, जिथं कडब्याची वळई असायची तिथं आता नुसतं ऊन पडतं. उगवतीपासून मावळतीपर्यंत. अडवायला कुणी नाही. दुपारी वळईच्या पाठीमागं एक सावली असायची. करडी, किंचित निळी, उबट वासाची. तिच्यात शेळी टेकायची, कुत्रं पसरायचं, म्हातारी माणसं पान जुळवीत बसायची. सावली गेली आणि बसलेली सगळी उठून गेली. उरलाय तो प्रकाश. मोकाट, बिनकामाचा प्रकाश.

गवता, मी तुझ्याशी बोलतोय.

तुझ्याशी म्हणजे नेमकं कुणाशी? माळावरच्या पवन्याशी? ओढ्याकाठच्या मारवेलाशी? की जोंधळ्याच्या त्या उंच ताटाशी, जे कणीस उतरवून दिल्यावर कडबा होऊन निजायचं? तुम्ही सगळे एकाच कुळातले. जोंधळा म्हणजे माणसाळलेलं गवत. बाजरी, गहू, भात, ऊस, सगळी तुझीच भावंडं. तुमच्यातल्या काहींचा दाणा आम्ही घेतला आणि काडी जनावरापुढं ठेवली. फार जुनी वाटणी ही. एकच पाऊस, एकच माती, एकच ताट. त्यातलं वरचं वीतभर माणसाचं, खालचं पुरुषभर जनावराचं. या वाटणीवर कधी कुणी भांडलं नाही.

का गेलंस, ते मी विचारणार नाही. कारणं हुडकणारी माणसं वेगळी. तू होतंस, एवढंच मला सांगायचंय. आणि तेही तुलाच.

*

पवन्या. शेडा. मारवेल. डोंगरी. कुसळी.

नुसती नावं घेतली तरी जिभेवर हिरवट, तुरट काहीतरी येतं. हरळी आणि कुंद्याची नावं मात्र शिवीसारखी घेतली जायची. त्यांनी रानात घुसून कुळवाला दमवलं होतं. पण बांधावरची तीच हरळी गाय डोळे मिटून खायची, आणि पूजेला बसलेल्या भटजींना तिच्याच दूर्वा लागायच्या. तुझ्यात टाकाऊ असं कुणी नव्हतं. जागा चुकलेले तेवढे होते.

१९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या दोन अभ्यासकांनी देशभरच्या गवतांची मांडणी केली. हिमालयापासून दक्षिणेपर्यंतचा सगळा मुलूख त्यांनी पाच आच्छादनांत बसवला. आपल्या पठाराच्या वाट्याला आलं ते सेहिमा-डायकँथियम. म्हणजे आपला पवन्या आणि आपला मारवेल. कुणीतरी हा माळ पायाखाली घातला होता, वाकून पाती मोजली होती, कागदावर उतरवली होती. ज्याला शेजारचा तालुका पडीक म्हणायचा, त्याची नोंद देशाच्या नकाशावर झाली होती. ते पुस्तक ग्रंथालयात अजून असेल. कपाट उघडलं तर पानांत माळ सापडेल. वारा सापडणार नाही.

वारा. तुझ्याशिवाय तो दिसायचाच नाही.

आता तो येतो, पण कसा ते कळत नाही. अंगाला लागतो तेवढाच. पूर्वी तो लांबून यायचा तो दिसत यायचा. टेकाडाच्या पलीकडून एक रुपेरी रेघ उठायची, उतारावर पसरायची, खोलग्यात शिरून काळसर व्हायची, पुन्हा वर चढून उजळायची. अश्विनातल्या कलत्या उन्हात फुलोऱ्याला आलेला माळ कुठल्या रंगाचा असतो हे सांगता यायचं नाही, कारण तो एका रंगाला थांबायचाच नाही. पवन्याच्या तुऱ्यातली फिकट चंदेरी, मारवेलाच्या बोटांतली जांभळट, कुसळीच्या शेंड्यांची तांबूस काळी, या सगळ्या छटा वाऱ्याच्या एका फुंकरीत एकमेकींत मिसळायच्या, सुटायच्या, परत मिसळायच्या, आणि त्यातून चालणारी मेंढरं कमरेपर्यंत बुडालेली असायची, धनगराची काठी तेवढी वर दिसायची, चंडोल कुठूनसा सरळ वर उठून गात राहायचा, आणि माळाच्या त्या टोकाला सूर्य टेकला की प्रत्येक पात्याची कड पेटायची, एकही पातं न जळता.

मग तिन्हीसांजा. मग नुसतं सळसळणं.

*

कुसळीचं एक कुसळ तळहातावर घ्यायचं.

वाळलेलं असताना ते पिळलेलं असतं, दोरीसारखं, मधेच काटकोनात वाकलेलं. टोकाशी दाणा, दाण्याला सुईचं तोंड, सुईवर उलटे फिरवलेले बारीक केस. त्यावर थुंकीचा एक थेंब सोडायचा आणि बघत राहायचं. क्षणभर काही नाही. मग ते हलतं. पीळ उलगडायला लागतो, लांब शेपूट गोल फिरतं, सुईचं तोंड तळहातात जागा शोधतं. मेलेली काडी, पण तिला पाणी लागलं की ती मातीत शिरायला निघते. पहिल्या पावसाचा थेंब पडला की माळावरची लाखो कुसळं अशीच फिरत असतील, अंधारात, एकमेकांना न कळता.

धोतराच्या सोग्यात यायचं ते. मेंढीच्या लोकरीत गुंतायचं, वासराच्या हिरडीत रुतायचं. म्हणून कुसळ धरायच्या आत कापायचं असा दंडक होता. नुसतं कुसळीचंच नव्हे, सगळ्यांचंच. फुलोऱ्यात असताना कापलं तर पात्यात रस राहतो. दाणा पक्व होऊन झडला की सत्त्व मातीत जातं आणि हातात राहते ती काडी. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. दसरा झाला की विळे शेवटून निघायचे, बस.

पात धरून माणसं एका ओळीत वाकायची. डाव्या हाताची मूठ, उजव्या हाताचा विळा. खर्र. खर्र. खर्र. ओळ पुढं सरकायची आणि मागं माळ आडवा होत जायचा. कापलेलं दोन-तीन उन्हं तसंच पसरून ठेवायचं, वरखाली करायचं, दहिवर पडायच्या आत गोळा करायचं. फार तापलं तर रंग उडतो. कमी तापलं तर गंजीत ते आतून धुमसतं. हात घातला तर चटका बसावा इतकं. ओली पेंढी आत राहिली तर गंज स्वतःहून पेट घेते, असं म्हणायचे, आणि ते खरंच आहे.

वाळवणं म्हणजे मारणं नव्हतं. ऊन तुझ्यातलं पाणी घ्यायचं आणि त्या जागी स्वतः राहायला यायचं.

गवताचाच पीळ देऊन बंध करायचा, भारा आवळायचा, डोक्यावर घ्यायचा. माळ उतरून येणारे भारे लांबून दिसायचे, भाऱ्याखालची माणसं दिसायची नाहीत. माळच पायांनी चालत घराकडं येतोय असं वाटायचं.

*

आणि जोंधळा.

उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरलेला, नंतर पावसाचा थेंब न मागता नुसत्या थंडीवर आणि दहिवरावर वाढलेला. शाळू. मालदांडी. मोहोळच्या शेती केंद्रात निवडलेलं ते ३५-१ वाण, ज्याच्या काळजीत सोलापूरकडची कितीतरी गावं हिवाळाभर जागी असायची. पुरुषाच्या डोक्यावर हात जाईल एवढी उंची. पौषात रानात शिरलं की बाहेरचं जग नाहीसं व्हायचं. वर निळी चीर, दोन्ही बाजूंना पात्यांची खसखस, पायाखाली भेगाळलेली काळी.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दाण्याला मिळालं. ते योग्यच. कडब्याला कोण मानांकन देणार? त्याची पारख गाईच्या जिभेला. गोड ताटाची पेंढी असली की ती बुडख्यापर्यंत चावून काढायची. नसली की पाला ओढून दांडके गव्हाणीत तसेच ठेवायची.

काढणी म्हणजे उपटणं. विळा नाही, कोयता नाही. दोन्ही हातांत ताटं धरून कंबर मागं टाकायची आणि मुळासकट जमिनीतून ओढायची. माती सोडताना ती एक आवाज करायची, खोल, नाखूश. दुपारपर्यंत तळहात सोलायचे. मग कणसं खुडून खळ्यावर, ताटं पेंढ्यांत. पेंढ्या शेकड्यानं मोजायच्या. दाणा पोत्यात, कडबा शेकड्यात; वर्षाची दोन्ही टोकं जुळली की नाही ते त्या संध्याकाळी कळायचं.

माणसाचं वर्ष कणगीत मावायचं. जनावराचं वर्ष अंगणात उभं राहायचं.

*

वळई रचणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. ते आमच्या नानांचं.

खाली दगड, दगडावर काटक्या, म्हणजे वाळवी लागू नये. त्यावर पहिला थर. शेंडे आत, बुडखे बाहेर. दुसरा थर पहिल्याच्या सांध्यावर. खालून बाकीचे पेंढ्या फेकायचे आणि नाना वरच्यावर झेलायचे, गुडघ्यानं दाबायचे, पुढं सरकायचे. भिंत उंच होता होता थोडी बाहेर झुकवायची. मग वरून दोन्ही बाजूंनी आत घेत घेत माथा जुळवायचा, घराच्या पाख्यासारखा उतार द्यायचा, म्हणजे वळवाची सर आली तरी पाणी आत न मुरता निघून जावं. संध्याकाळी नाना माथ्यावर उभे असायचे. खालून बघताना ते आभाळात असायचे. पिवळ्या उन्हात पिवळी वळई, आणि तिच्यावर काळी, छोटी, वाऱ्यात धोतर सावरणारी एक आकृती.

उतरल्यावर ते एकदा चौफेर फिरून यायचे. हातानं थापटायचे. काही बोलायचे नाहीत. पण त्या रात्री ते निवांत झोपायचे.

पावसानं, उन्हानं वळईचं बाहेरचं अंग हळूहळू राखाडी व्हायचं. येणाऱ्याला वाटावं, कुजली. पण वैशाखात, जेव्हा माळ भाजून तांबडा झालेला असायचा, विहिरीत कळशी बुडवायला शेवटच्या पायरीच्याही खाली उतरावं लागायचं, लिंबाची सावलीसुद्धा तापलेली असायची आणि नजर जाईल तिथवर हिरवं म्हणून काही दिसायचं नाही, तेव्हा नाना वळईच्या कडेला पाय रोवून, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून एक पेंढी हिसक्यानं ओढायचे, आणि त्या पोकळीतून जो वास यायचा, माघातल्या दहिवराचा, ताटातल्या गोड रसाचा, काढणीच्या धुळीचा, उपटताना हसणाऱ्या बायकांचा, तो असा काही अंगावर यायचा की वाटायचं, आत हिवाळा अजून जिवंत आहे, कुणीतरी त्याला इथं दडवून ठेवलंय, आणि बाहेर कितीही राख झाली तरी या काड्यांच्या पोटात काहीतरी फिकट हिरवं अजून जागं आहे.

ती पेंढी गव्हाणीत पडायची. गाय आधी हुंगायची. लांब. मग खायची.

*

वैरणीची काळजी ही या मातीतली जुनी काळजी.

राज्याभिषेकाच्या आसपासच्या त्या वर्षांत शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना एक पत्र धाडलं. घोडी पावसाळ्यासाठी तिथं मुक्कामाला होती. दाणा आणि वैरण साठवलेली होती. पत्र सांगतं, मन मानेल तशी वैरण उधळू नका, बेतानं पुरवा. संपली तर भर पावसाळ्यात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरात हात घालाल, आणि त्याला मोगल बरा वाटेल. आणखी सांगतं, गवताच्या गंजींजवळ चूल पेटवू नका, तमाखूला विस्तव नेऊ नका, रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका. एखादा उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सगळं गवत पेटेल.

राज्य उभं राहत होतं. आणि राजाच्या नजरेसमोर एक उंदीर होता. तोंडात पेटती वात धरून अंधारातून गवताच्या गंजीकडं पळणारा.

इतकं बारीक बघायला मोठं मन लागतं. त्या घोड्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ती नुसती खात होती, रात्री, पावसाच्या आवाजात.

*

रात्र म्हटलं की मला रवंथ ऐकू येतं. येत नाही. येत असल्याचं आठवतं.

गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. दिवसभर भराभरा गिळलेलं ती रात्री सावकाश परत तोंडात आणते आणि दळत बसते, डोळे अर्धे मिटून. माणसाच्या पोटाला तुझी काडी कधीच पचली नसती. तिच्या पहिल्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची सगळी वस्ती असते. ती वस्ती तुझा कठीण धागा मोडते, आणि मोडलेल्यातून दूध होतं, मांस होतं, नांगराची ओढ होते, शेण होऊन पुन्हा माती होते. सकाळच्या चहात तू होतंस. सारवलेल्या भुईत होतंस. चुलीतल्या गोवरीच्या निळ्या धुरात तूच होतंस. आम्ही तुला कधी खाल्लं नाही आणि तुझ्यावाचून कधी जगलो नाही.

रात्री अंगणात झोपलं की दावणीवरून तो आवाज यायचा. दळण्याचा. मधेच एक मोठा उसासा. मधेच गळ्यातल्या घुंगराचा एकच ठोका. मधेच शेपटीचा सपकारा. त्या आवाजाला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता. झोप लागायची तेव्हाही तो चालू असायचा आणि जाग यायची तेव्हाही. घर त्या आवाजावर टेकून झोपायचं.

आता रात्री जाग येते ती शांततेनं.

दावण आहे. खुंटे आहेत, गुळगुळीत झालेले, दाव्याच्या घासणीनं मधे खोलगट पडलेले. गव्हाणीचा दगड आहे. त्याच्या काठाला जिभांनी आणि गळ्यांनी आणलेली झिलई अजून चंद्रात चमकते. कितीतरी पिढ्यांच्या जनावरांनी ती झिलई केली. आता पाली तिच्यावरून घसरतात.

आणि एक प्रश्न होता. रोजचा, दिवे लागायच्या वेळचा. जोत्यावरून यायचा. "जनावरास्नी वैरण टाकली का रं?" खेळून आलेल्या पोराला आधी हा प्रश्न, मग जेवण. परगावाहून आलेल्या पाहुण्यालाही पाणी द्यायच्या आत कुणीतरी गोठ्याकडं बघून घ्यायचं. आता दिवे लागतात. कुणी विचारत नाही. आणि मला मात्र त्या वेळी उगाचच उठावंसं वाटतं, हात रिकामे आहेत हे कळायच्या आत.

*

बहात्तरच्या दुष्काळाचं बोलणं निघालं की म्हातारी माणसं अन्नाचं कमी सांगायची. सुकडीचं सांगायची, खडी फोडल्याचं सांगायची, पण आवाज मोडायचा तो वैरणीपाशी. वळई पहिल्यांदा खांद्याला आली, मग कमरेला, मग गुडघ्याला. शेवटचा थर उचलला की खालून विंचू निघायचे, उंदरांची गुलाबी पिल्लं, एखादी आळसावलेली धामण. मग काटक्या. मग दगड. दगड दिसले की घर बोलेनासं व्हायचं.

छपराचं गवत काढून जनावरापुढं टाकलं, असं सांगणारी माणसं मी पाहिली. स्वतःच्या डोक्यावरचं. पावसानं काळं पडलेलं, धुरानं कडू झालेलं. बैल त्याला तोंड लावायचा आणि मग धन्याकडं बघायचा. सांगणारा इथं थांबायचा. पुढचं वाक्य कधी कुणी पुरं केलं नाही.

त्याच माणसांनी पुसेगावच्या आणि खरसुंडीच्या जत्रेत खिलारांच्या जोड्या मिरवल्या होत्या. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून त्यांनी सौदे केले होते. पांढऱ्याशुभ्र, लांब शिंगांच्या, हरणासारख्या चपळ त्या बैलांची हाडं माणदेशच्या कोरड्या गवतानं घडवली होती. थोडंसं गवत. पण सकस. तुझ्यातली धग त्यांच्या चालीत दिसायची.

*

माळ एकट्या आमचा नव्हता.

नान्नजच्या गवतात माळढोक चालायचा, मान उंचावून, राजाच्या संथपणानं. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. त्याचा रंग तुझ्या वाळल्या रंगाचा. तो थांबला की दिसेनासा व्हायचा. आता तो न थांबताही दिसत नाही. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून सरळ वर उडी घ्यायचा, क्षणभर हवेत लटकायचा, पुन्हा तुझ्यात बुडायचा. पुन्हा वर. पुन्हा बुड. एवढ्याशा अंगाचा पक्षी सगळ्या पठाराला सांगत असायचा की मी इथं आहे. गवत जितकं उंच, उडी तितकी उंच. गवताशिवाय उडी कशावरून मारायची?

मेंढरामागं लांडगा चालायचा. लांडग्यामागं भीती, भीतीमागं गोष्टी. सगळं तुझ्या आडोशानं. तू होतंस तेव्हा माळाला गुपितं होती. आता माळ उघडा आहे, शेवटापर्यंत दिसतो, आणि बघण्यासारखं त्यात काही लपलेलं नाही.

*

शहरात, सातव्या मजल्यावर, माझ्या घरात ससा आहे.

पांढरा, लाल डोळ्यांचा. लेकीचा लाडका. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात; सतत काडी चावली तरच ते झिजतात आणि तो जगतो. म्हणून त्याला वाळलं गवत लागतं, रोज, ढीगभर. ते पाकिटातून येतं. पाकिटावर टिमोथी असं लिहिलेलं असतं. थंड देशांतल्या कुरणांचं गवत. अठराव्या शतकात अमेरिकेत टिमोथी हॅन्सन या शेतकऱ्यानं त्याचा प्रसार केला, आणि त्याचं नाव गवताला चिकटलं.

एका माणसाचं नाव एका गवताला लागलं आणि समुद्र ओलांडून माझ्या दिवाणखान्यात आलं. ज्यांनी जन्मभर आमच्या माळावर तुला कापलं, वाळवलं, रचलं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव एकाही पात्यावर नाही.

पाकीट फाडलं. आणि तो वास आला.

अगदी तोच नव्हे. परका, जास्त गोड, पावसाशिवायचा. पण वाळल्या गवताचाच. पंख्याखाली, फरशीवर, बंद खिडक्यांच्या आत एक मूठभर उन्हाळा सुटा झाला. लेक म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." ससा टरटर चावायला लागला. बारीक आवाज. वाटीभर जिवाच्या तोंडात केवढी गडबड. मी बाजूला फरशीवर बसून राहिलो. एक काडी उचलली. तुझीच भाऊबंद. फिकट हिरवी, आत ऊन धरून ठेवलेली. एवढ्या लांबून आलेली, तरी राखलेली.

कुणीतरी, कुठंतरी, फुलोऱ्यातच कापली होती. दहिवर पडायच्या आत गोळा केली होती. मला तो हात ओळखीचा वाटला.

*

आषाढात बेंदूर येतो. बाजारात मातीचे बैल मांडलेले असतात, शेंदरी, निळे, डोळे मोठे काढलेले. जोडी घरी येते. पाटावर बसते. समोर पुरणपोळीचा नैवेद्य, आणि कुणाला आठवलंच तर रस्त्याकडेची दोन-चार हिरवी पाती. मातीच्या बैलाला भूक नसते. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आणि हेच त्याच्याकडं न बघवण्याचं कारण.

भूक नसलेल्या देवापुढं नैवेद्य ठेवणं सोपं असतं. जिवंत बैलाला रात्री पुन्हा लागायचं. पहाटे पुन्हा. चैत्रात, वैशाखात, मिरगाची वाट बघताना, रोज. त्याच्या भुकेला सण नव्हता, सुट्टी नव्हती, आणि त्याच भुकेनं घराला वर्षभर एका ओळीत ठेवलं होतं.

*

गवता, तुझ्यासाठी रडायला बसलो आणि हळूहळू कळत गेलं की तुला त्याची गरज नाही.

तुला मरायची सवय आहे. दर वर्षी मरतंस. मिरगाच्या पहिल्या सरीला पुन्हा बोटभर वर येतंस, पोपटी, ओलं, काल काही झालंच नाही असं. वीतभर मोकळी जागा दिसली की तू आहेसच. फरशीच्या फटीत आहेस. बंद पडलेल्या मोटेच्या थारोळ्यात आहेस. वळईच्या त्या रिकाम्या चौकोनातही परवा पावसानंतर तू उगवलंस; कुणी कापलं नाही, दाणा झडला, पात्यांची काडी झाली, काडीचा भुगा झाला. तू तुझं काम केलंस. पुढच्या वर्षीही करशील.

मग गेलं ते काय?

जनावराला उद्या कळत नाही. समोर हिरवं आहे तोवर त्याला वाटतं जग हिरवंच आहे. अश्विनात, पोट भरलेल्या गाईकडं बघून, तिच्या वैशाखातल्या भुकेची कळ आधीच ज्याच्या पोटात उठायची, जो त्या भुकेपायी वाकायचा, सोलायचा, रचायचा, माथ्यावर चढून उतार जुळवायचा, तो माणूस गेला. नानांबरोबर गेला, की नाना असतानाच गेला होता, कुणास ठाऊक. तो थोर नव्हता, संत नव्हता. हिशेबी होता. पण त्याच्या हिशेबात दुसऱ्याच्या पोटाला जागा होती, आणि ते दुसरं पोट कधी आभार मानणार नव्हतं, की जाब विचारणार नव्हतं.

तुझी काडी सुटी होती तेव्हा नुसती काडी होती. त्या माणसाच्या हातातून गेली की तिचा शब्द व्हायचा, मुक्या जिवाला दिलेला: उन्हाळा येईल, आणि तू उपाशी राहणार नाहीस. वर्षानुवर्षं आम्ही तो शब्द अंगणात उभा करत आलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, घरापेक्षाही उंच.

उन्हाळा अजूनही येतो. आम्ही त्याची तयारीही करतो, पूर्वीपेक्षा चोख करतो. फक्त आता तो आमचा एकट्याचा असतो.